पॅरा एसएफ की एसएजी? पायदळातल्या पोरांसाठी एक आढावा

कामठीच्या छावणीभोवतीच्या वस्त्यांत, कन्हानकडं किंवा हिंगण्याच्या बाजूला, पायदळात दोन-तीन वर्षं काढून सुट्टीवर आलेले पोट्टे भेटले की प्रश्न ठरलेला असतो. आधी चहा होतो, मग पलटणीच्या गप्पा, आणि उठता उठता मूळ मुद्दा निघतो. "काका, वालंटियर मागून राहिले. पॅराले नाव देऊ का एसएजीत जाऊ?"

पॅरा एसएफ म्हणजे सेनेच्या पॅराशूट रेजिमेंटमधलं विशेष दल, आणि एसएजी म्हणजे एनएसजी या कमांडो दलातला सेनेच्या माणसांचा भाग. उत्तर दरवेळी तोंडी द्यायचं म्हणजे अर्धं राहून जातं, म्हणून हा आढावा लिहितोय. तो कोणासाठी आहे ते आधी सांगतो. तुम्ही आधीच पायदळात आहात, शरीर चांगलं आहे, रिपोर्ट स्वच्छ आहे आणि पलटणीचे प्रमुख, सीओ साहेब, सोडायला तयार आहेत, असं धरून चालतो. मरून टोपी काय, काळी वर्दी काय, कुठली रायफल कोणाकडं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. अजून भरतीच व्हायचे असलेल्यांनी हा लेख बाजूला ठेवला तरी चालेल. त्यांच्यासाठी एवढंच, की मार्कोस आणि गरुड ही दुसऱ्या दलांची कमांडो पथकं, मार्कोसला नौदलातून जायचं असतं आणि गरुडला वायुसेनेतून. आपल्याकडं वायुसेनानगर आहे, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे तिकडच्या वसाहतीतल्या पोरांना गरुडचं वेड असतं आणि त्यात वावगं काही नाही. पण पायदळाची वर्दी घातल्यावर त्या दोन दारांचा विचार करण्यात वेळ घालवू नये.

माझा कल कुठं आहे ते लपणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. या फाट्यावर मीही उभा राहिलो होतो आणि पॅरा एसएफकडं वळलो. कुठल्या बटालियनमध्ये होतो ते लिहीत नाही, ते लिहायचं नसतं. एसएजीत गेलेले माझे दोस्त आहेत आणि त्यांच्यापैकी एकालाही पस्तावलेलं मी पाहिलेलं नाही. तेव्हा माझ्या म्हणण्यातून थोडं वजा करून घ्या.

मालक कोण

पोरं दोन्हीकडची ट्रेनिंग, हत्यारं आणि भत्ता यांची तुलना करतात. भत्त्यावरून तर अजिबात ठरवू नका. पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की उद्या मला हुकूम कोण देणार, मला पोचवणार कोण, आणि मुदत संपल्यावर मी कोणाचा?

पॅरा एसएफ सेनेची आहे. पॅराशूट रेजिमेंटमधल्या बटालियन्स, त्या सेनेच्या कमांडच्या हाताखाली, आणि हुकमाची साखळी आखूड. सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रणरेषेपलीकडं जी कारवाई झाली ती नॉर्दर्न कमांडची होती, तेव्हाचे आर्मी कमांडर लेफ्टनंट जनरल हुडा होते, आणि माणसं ४ व ९ पॅराची होती. हुकूम देणारा, तोफखान्याची मदत देणारा आणि परतल्यावर चहा पाजणारा, सगळे एकाच घरातले. बटालियनच्या आत कंपन्या नसतात, टीम असतात. टीमचे ट्रूप आणि ट्रूपचे स्क्वाड. स्क्वाडमध्ये एक जण बारूदवाला, एक वैद्यकीय शिकलेला, एक रेडिओवाला, असं काम वाटलेलं असतं, आणि वरून प्रत्येकाला दुसऱ्याचंही काम थोडंफार यावं लागतं.

बटालियन्सना आपापली जमीन असते. १९६६ साली ९ पॅरा उभी राहिली, तिचं मूळ १९६५ च्या युद्धातल्या मेजर मेघसिंगांच्या मेघदूत फोर्समध्ये आहे. ती डोंगराची. पुढल्याच वर्षी उभी राहिलेली १० पॅरा वाळवंटाची. ईशान्येच्या जंगलात नाव कमावलेली २१ पॅरा तर आपल्या घरचीच म्हणायची, कारण १९९६ पर्यंत ती २१ मराठा लाइट इन्फंट्री होती. १९७१ च्या डिसेंबरात १० पॅराचे लोक जीपगाड्या घेऊन सिंधमधल्या चाचरोपर्यंत घुसले. त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग, जयपूरच्या राजघराण्यातले. त्यांना महावीरचक्र मिळालं. त्या छाप्याची सगळी चर्चा जीप आणि मशीनगनवर होते. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. युद्धाच्या आधी ती माणसं त्याच वाळूत, एकमेकांसोबत, रात्ररात्र गाड्या हाकत होती. याच मुद्द्याकडं मी पुढं येणार आहे.

एसएजी म्हणजे एनएसजीचा लष्करी हात. ऑपरेशन ब्लू स्टारनंतर १९८४ मध्ये एनएसजी उभी राहिली, १९८६ मध्ये तिचा कायदा झाला. एसएजीतली माणसं सेनेची, पण दल गृहमंत्रालयाचं आणि महासंचालक आयपीएस. ५१ ही दहशतवादविरोधी तुकडी, ५२ ही विमान अपहरणाची. या दोन्ही तुकड्यांत तुम्ही मुदतीवर जाता, डेप्युटेशनवर. तुमची पलटण तुमचीच राहते आणि मुदत संपली की तुम्ही तिच्याकडं परत.

साखळी लांब असण्याचे परिणाम काय होतात ते साऱ्या देशानं पाहिलंय. २४ डिसेंबर १९९९ ला अपहरण झालेलं आयसी ८१४ हे प्रवासी विमान अमृतसरला पाऊण तासाहून थोडं अधिक उभं होतं. कमांडो पोचायच्या आत ते उडालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री माणसं दिल्लीजवळ तयार होती, पण त्यांना नेणारं आयएल ७६ विमान चंदीगडला. ते दिल्लीला यायचं, मग मुंबई, मग विमानतळावरून बसनं शहरात. मुंबईतले मार्कोस रात्रीच ताजमध्ये शिरले होते, एनएसजी सकाळी पोचली. पोरांच्या हिमतीत कुठं कसर नव्हती. माणसं एका खात्याची, विमान दुसऱ्या खात्याचं आणि बस तिसऱ्याची असली की घड्याळ कोणाचंच ऐकत नाही. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला एनएसजीची केंद्रं झाली आणि हा दोष बराच कमी झाला. म्हणजे २००८ ची गोष्ट सांगून आज एसएजीला नावं ठेवणं बरोबर नाही. माझं न जाण्याचं कारणही हे नव्हतंच.

मुदत

माझं कारण यापेक्षा खूप लहान होतं. इतकं लहान, की सांगताना थोडं अवघडायला होतं.

बढतीची फीत लागायच्या आधीची गोष्ट. काश्मिरात मला काही काळ एका तात्पुरत्या तुकडीत जोडलं होतं. तुकडीचं नाव नको. वेगवेगळ्या पलटणीतून गोळा केलेली माणसं, सगळे मुदतीवर. माझा बडी, म्हणजे जोडीदार, गढवालचा होता, माझ्यापेक्षा थोडा सिनियर. त्याचं मराठी शून्य आणि माझं गढवाली शून्य, पण अँबुशमध्ये, दबा धरून, रात्रभर शेजारी पडून राहिलं की भाषा लागत नाही. झोप यायला लागली की तो नाकानं एक बारीक आवाज करायचा, मला तो ऐकू यायचा, आणि मी कोपर लावायचो. उठायची वेळ झाली की तो नेहमी उजव्या खांद्यावरून वळायचा, म्हणून मी डावीकडं तोंड करून ठेवायचो. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं, कोणी शिकवलंही नव्हतं. थंडीत, एका झुडपाखाली कुशीला कुशी लावून ते आपोआप जमलेलं होतं.

आणि जमलं तसा त्याचा मूव्हमेंट ऑर्डर आला. मुदत संपली. पेटी-बिस्तरा बांधला, लंगरमध्ये पुरी-भाजी खाल्ली आणि गाडीत बसून जम्मूकडं गेला.

नवा बडी आला तो शिपाई म्हणून उत्तम होता. निशाणा माझ्यापेक्षा सरस. पण तो डावीकडून वळायचा. पहिल्याच अँबुशमध्ये अंधारात त्याची नळी आणि माझं डोकं यांच्यात जेवढं अंतर असायला हवं तेवढं नव्हतं. काही झालं नाही, दोघंही हसलो. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. तो खोकला कसा दाबतो, पाणी किती वेळा पितो, भीती वाटली की बोलका होतो की मुका, हे सगळं शिकायला परत कित्येक रात्री. त्याच्याशी सूर जुळला तोवर तुकडीतल्या दुसऱ्या दोघांची मुदत भरली. मग माझी. कोणाचीच चूक नव्हती. कागदच तसा होता. पण त्या तैनातीत मला जर कशाचा वैताग आला असेल तर तो थंडीचा नाही, जेवणाचा नाही, सुट्टी लांबल्याचाही नाही. तुकडीतले निम्मे लोक कायम एकमेकांना नव्यानं ओळखत असायचे, याचा आला.

पुढं वालंटियरचा प्रश्न आला तेव्हा एका कागदावर मुदत होती आणि दुसऱ्यावर नव्हती. पॅरा एसएफमध्ये प्रोबेशन, म्हणजे निवडीची परीक्षा, पास झालात की तुम्ही तिथले. टोपी बदलते, घर बदलतं, आणि ज्या टीममध्ये जाल तिथं वर्षानुवर्षं तीच तोंडं. मी फार विचार केला नाही.

आता याला उत्तर आहे, आणि ते एसएजीतल्याच एका दोस्तानं मला दिलं. तो म्हणाला, तुझं म्हणणं डोंगराला लागू पडतं, खोलीला नाही. आणि तो बरोबर होता. इमारतीत, विमानात, बसमध्ये शिरायचं असेल तर जागेला आकार असतो. दार, कोपरा, जिना, खिडकी. म्हणून तिथलं ड्रिल इतकं घट्ट बसवता येतं, की पहिला आत गेलेला कुठं वळणार हे त्याचं नाव माहीत नसतानाही दुसऱ्याला माहीत असतं. एक माणूस काढून दुसरा बसवला तरी काम चालावं, अशी ती रचनाच आहे. म्हणून मुदतीवरच्या माणसांचं दल तिथं चालतं, आणि चांगलं चालतं. १९८८ मध्ये सुवर्णमंदिरातल्या ऑपरेशन ब्लॅक थंडरमध्ये याच दलानं धीरानं वेढा आवळत नेऊन मोठा रक्तपात टाळला होता.

डोंगरात किंवा जंगलात असा आकार नसतो. नाला दर पावसाळ्यात बदलतो. तिथं ड्रिल अर्ध्या वाटेपर्यंत नेतं, पुढं शेजारच्या माणसाची सवय नेते. निदान माझा अनुभव असा आहे. हे कोणी मोजून पाहिलंय का, तर माझ्या ओळखीत तरी नाही. दुसऱ्याला उलटा अनुभव आला असेल तर मी वाद घालणार नाही.

एसएजीत काय चांगलं

माझ्या झुकत्या मापामुळं या भागावर अन्याय व्हायला नको, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

एनएसजीचा दिल्लीजवळचा तळ, मनेसर, एका जागी आहे. ही लहान गोष्ट नाही. लग्न झालेल्या माणसाला, आई-वडील थकलेल्या माणसाला, तळ ठरलेला असणं म्हणजे काय ते घरच्यांना विचारा. नागपूरकराला तर आणखी सोयीचं. दिल्लीहून रात्रीच्या गाडीत बसलात की दुसऱ्या दिवशी अजनी नाहीतर नागपूर स्टेशनवर उतरता. उत्तर काश्मिरातून किंवा ईशान्येतून सुट्टीवर निघालेल्याचे जायचे-यायचे दिवसच सुट्टीतून किती जातात, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं म्हणजे फायरिंग. बंद जागेतला, जवळचा, झटपट निशाणा एसएजीत जितका घोटून घेतात तितका साध्या पलटणीत शक्य नसतो. ते शिकून तुम्ही परत आपल्या पलटणीत जाता आणि तिथल्या घातक प्लाटूनला, म्हणजे पलटणीतल्या निवडक तुकडीला, ते ज्ञान मिळतं. म्हणजे मुदत ही एका बाजूनं तोटा असली तरी सेनेच्या दृष्टीनं तीच शिकवण पसरवायची वाट आहे. हे मला उशिरा पटलं, पण पटलं.

तिसरं, पलटण सुटत नाही. मराठा, महार, गार्ड्स, जे काही तुमचं असेल ते तुमचंच राहतं. मेजर संदीप उन्नीकृष्णन बिहार रेजिमेंटचे होते, ५१ एसएजीत मुदतीवर गेलेले. ताजमध्ये ते पडले, अशोकचक्र मिळालं, आणि त्यांचं नाव आज दोन्ही घरं अभिमानानं सांगतात.

घातकला कमी लेखू नका

एक तिसरा पर्याय असतो आणि पोरं तो विसरतात, कारण त्याला वेगळी टोपी नाही. तुमच्याच बटालियनची घातक प्लाटून. वीसेक माणसं, थेट सीओ साहेबांच्या हाताखाली. बेळगावचा कमांडो कोर्स करून आलेला घातकमधला चांगला पोरगा कुठंही कमी पडत नाही. १९९९ च्या जुलैमध्ये टायगर हिलचा कडा दोरानं चढून गेलेले ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव १८ ग्रेनेडियर्सच्या घातक प्लाटूनचे होते. परमवीरचक्र मिळालं तेव्हा ते विशीच्या आतले होते.

मी मुदतीवर जो राग काढला तो इथं लागू होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घातकमध्ये बडी वर्षानुवर्षं टिकतो. अडचण एवढीच, की बटालियन शांत ठिकाणी गेली की घातकही शांत ठिकाणी जाते, आणि मग कवायत, खेळांच्या स्पर्धा, पाहुण्यांसमोर दोरावरून उतरायचं प्रात्यक्षिक. ज्याला सतत तेच काम हवंय त्याला हे टोचतं. ज्याला नाही टोचत त्यानं घर सोडायची गरज नाही.

पॅरा एसएफची किंमत

प्रोबेशन कठीण असतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर पान भरवत नाही. चालणं, ओझं, झोप नाही, आणि उस्तादाची नजर तुमच्या पायांपेक्षा तुमच्या तोंडाकडं जास्त. थकल्यावर शेजाऱ्याला पाणी देता का, शिव्या कोणाला घालता, नकाशा पाहायची वेळ आली की डोकं चालतं का, हे ते बघतात. आमच्या वेळी हे सगळं बटालियनमध्येच होई. त्यात निभावलं की आग्र्याला पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. लोकांना वाटतं उडीची भीती मोठी. प्रोबेशननंतर उडी म्हणजे सुट्टी वाटते.

खरी किंमत वेगळी असते आणि ती नंतर भरावी लागते. एक, पलटण सुटते. ज्यांच्यासोबत रिक्रूट होतात ते तिकडं हवालदार होतात, नायब सुभेदार होतात, त्यांच्या बडाखान्याचे फोटो येतात आणि तुम्ही फोटोत नसता. नव्या घरात बढतीची रांगही नवी, आणि त्या रांगेत उभे असलेले सगळेच तुमच्यासारखे निवडून आलेले. दोन, गुडघे. याबद्दल जास्त लिहीत नाही, माझ्या घराचा जिना साक्षीला आहे. तीन, घरच्यांना तुम्ही कुठं आहात हे सांगता येत नाही आणि ते विचारायचं सोडूनही देत नाहीत.

आणि चौथी, जिला पोट्टे सगळ्यात जास्त भितात: परत पाठवलं तर? आरटीयू होणाऱ्यांची, म्हणजे पलटणीत परत पाठवलेल्यांची, संख्या पास होणाऱ्यांपेक्षा मोठी असते. त्यात खूप चांगली माणसं असतात. कोणाचा घोटा मुरगळतो, कोणाला ताप येतो, कोणाचं मन एका रात्री म्हणतं बस. पलटण परत घेते, तिथं कोणी हसत नाही. हसतात ते गावात. "काऊन बे, परत आला का?" पानटपरीवर असं विचारणाऱ्यांनी पिट्ठू कधी पाठीवर घेतलेला नसतो, पण आईला ते लागतं. म्हणून माझं एकच सांगणं असतं. नाव देताना गावभर सांगू नका. बायकोला सांगा, आईला सांगा, बास.

एवढ्या सगळ्यानंतरही वजन पॅरा एसएफकडं का टाकतो, त्याचं एक कारण मुदत, ते सांगून झालं. दुसरं कारण हिशेबाचं आहे. दारं एकाच बाजूनं उघडतात. पॅरा एसएफमधून एसएजीत डेप्युटेशनवर जाता येतं आणि अनेक जण जातात. २००८ मध्ये नरिमन हाउसमध्ये पडलेले अशोकचक्र विजेते हवालदार गजेंदरसिंग पॅराशूट रेजिमेंटचेच होते, ५१ एसएजीत गेलेले. मुदत संपली की अशी माणसं परत आपल्या टीममध्ये येतात. उलट दिशेनं मात्र एसएजी करून आलात म्हणून पॅरा एसएफचं प्रोबेशन कोणी माफ करत नाही, आणि तोवर वय वाढलेलं असतं. आधी अवघड दार, मग सोपं, हा क्रम शरीराला परवडतो. उलटा क्रम करून दाखवलेले लोकही असतील, पण ते वेगळ्याच मातीचे.

वरचं छप्पर

शिकलेली पोरं, विशेषतः एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, तयारी करणारी, अजून एक मुद्दा काढतात. म्हणतात, काका, हे सगळं आता एक होणार, मग कुठूनही गेलं तरी काय फरक? त्यांचा इशारा आर्म्ड फोर्सेस स्पेशल ऑपरेशन्स डिव्हिजनकडं असतो. २०१२ मध्ये नरेशचंद्र समितीनं तिन्ही दलांच्या विशेष तुकड्यांसाठी एक स्वतंत्र कमांड सुचवली. २०१९ मध्ये कमांड नाही, डिव्हिजन उभी राहिली. मेजर जनरल ए. के. धिंग्रा तिचे पहिले प्रमुख. पॅरा एसएफ, मार्कोस आणि गरुड, तिघांतून माणसं घेऊन.

अमेरिकेनं हे काम १९८७ मध्ये केलं, पण त्याआधी त्यांना एप्रिल १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात मोठा फटका बसला होता. ओलिसांना सोडवायला निघालेल्या मोहिमेत हेलिकॉप्टर एका दलाची, त्यांचे वैमानिक दुसऱ्या दलाचे, जमिनीवरची माणसं तिसऱ्या दलाची. ती कधी एकत्र नीट सराव करून बसलेलीच नव्हती. परतताना हेलिकॉप्टर विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. त्यानंतर तिथं स्वतंत्र कमांड झाली आणि तिला स्वतःचं बजेट मिळालं. बजेट हा त्यातला खरा शब्द. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला विमान मागावं लागतं, आणि मागणाऱ्याची पाळी शेवटी येते.

आपल्याकडची डिव्हिजन लहान आहे आणि कमांडच्या तोडीचे अधिकार तिला नाहीत. ती वाढली तर मला आनंदच आहे. पण तुमच्या आजच्या निर्णयाला तिच्यानं फारसा फरक पडत नाही. तिच्यात जायचा पायदळवाल्याचा रस्ता पॅरा एसएफमधूनच जातो. एसएजी गृहमंत्रालयाची, ती या छपराखाली येतच नाही. हा मुद्दासुद्धा तराजूच्या कुठल्या पारड्यात पडतो ते तुम्हीच बघा.

अग्निवीरांनी एक वेगळा हिशेब करावा. चार वर्षं, आणि त्यातून पुढं नियमित होणारे जास्तीत जास्त पंचवीस टक्के. विशेष दलातला माणूस खऱ्या अर्थानं उपयोगी व्हायला जी वर्षं लागतात ती या चारात कशीबशी मावतात. तरी मी नको म्हणणार नाही. शेवटी थांबवायचे कोण हे ठरवताना तुम्ही काय करून दाखवलंत हे मोजलं जातं. फक्त पहिल्याच वर्षी घाई करू नका. आधी पलटणीत पाय रोवा, फायरिंग आणि नकाशा पक्का करा.

लग्न ठरलेलं असेल, घरी कोणी आजारी असेल, किंवा पलटणीवर जीव असेल, तर एसएजीला नाव द्या आणि मागं वळून बघू नका, ते चांगलं काम आहे. यातलं काही नसेल आणि वय हातात असेल, तर मी असतो तर पॅरा एसएफचाच कागद भरला असता. भरलाही होता.

सुट्टीचे दिवस उरले असतील तर घरी लोळत काढू नका. कस्तुरचंद पार्कवर चकरा मारून काही होत नाही, ती गुळगुळीत जमीन आहे. पहाटे निघून कामठीहून रामटेकच्या दिशेनं रस्ता सोडून शेताच्या बांधानं चाला, पिट्ठूत सुरुवातीला कमी वजन आणि दर आठवड्याला थोडं जास्त. वाळू भरा, विटा नको, विटा पाठ फोडतात. मे महिन्यात असाल तर आठाच्या आत परत या. आपलं ऊन ट्रेनिंग म्हणून अंगावर घ्यायची चीज नाही. बूट नवे घालू नका.

आणि पोहायला शिका. आपल्या विदर्भाची पोरं चालण्यात कोणाला ऐकत नाहीत, पण पाण्यात पाय टेकेनासे झाले की त्यांचं तोंड पांढरं पडतं. फुटाळा किंवा अंबाझरीत एकट्यानं उतरायचा पराक्रम नको, दरवर्षी कोणीतरी त्यात जातं. तरणतलावावर पैसे भरा, शिकवणाऱ्याला सांगा की कपडे आणि बूट घालून पोहायचंय. तो आधी हसेल. मग शिकवेल.